मीठ सापडेपर्यंत

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.

खदूजला जाऊन तीन दिवस झाले. रीतीप्रमाणे तीन दिवस घरात चूल पेटली नाही आणि शेजारपाजारच्या बायकांनी ताटं भरभरून पाठवली. आजपासून ते बंद.

शोकात भूक मरते म्हणतात. माझी मेली नाही. उलट वाढली आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथं लिहितो. रोज संध्याकाळी दिवसभरात काय झालं ते मी खदूजला सांगायचो. पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला अहवाल दिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

नझहा सकाळच्या बसनं कासाब्लांकाला परत गेली. एकुलती एक मुलगी, तिची काळजी मला समजते. बसच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "बा, चाळिसाव्याला मी येईन. तुमचं तुम्ही करून खाताय असं दिसलं तर राहा इथं. नाही तर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे."

तिचं घर सातव्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरची खिडकी दिसते. माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि टेकडीवरचं कब्रस्तान दिसतं. मी इथून हलणार नाही.

संकल्प : आजपासून घरी शिजवायचं. बाहेर एक घासही नाही. बायकोला मातीत ठेवून आठवडा झाला नाही आणि नवरा बंदरावर बसून बोटं चाटतोय, हे दृश्य बरं नाही.

५ ऑक्टोबर. दुपार.

अंडी उकडायची ठरवली. उकडलेलं अंडं, जिरं, मीठ, पाव. यात चुकण्यासारखं काही नाही. जिरं सापडलं. दालचिनी, केशर, सुंठ, हळद, सगळं सापडलं. मीठ सापडलं नाही. सगळे डबे उघडून बघितले. खदूज मीठ कुठं ठेवायची कोण जाणे.

विकत आणता आलं असतं. पण घरात मीठ असताना मीठ आणणं म्हणजे खदूजच्या संसारावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. मीठ सापडेपर्यंत स्वयंपाक पुढं ढकलला.

बंदरावर हम्मूच्या शेगडीवर गेलो. फक्त चहाला. होडीवरून मासे घेऊन त्याला द्यायचे, तो निखाऱ्यावर भाजून देतो. मी मासे नेलेच नव्हते, यावरून माझा हेतू स्वच्छ होता हे सिद्ध होतं. हम्मूनं काही न विचारता स्वतःच्या तारल्या ठेवल्या. शोकातल्या माणसानं समोर आलेलं ताट परत करू नये. सगळ्या खाल्ल्या. उद्यापासून नक्की.

६ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.

नझहाचा फोन. काय शिजवलं विचारलं. मसूर म्हणालो. एकदा बोलून गेल्यावर कांदाही घातला, टोमॅटोही घातला. तिनं मीठ बेतानं घालता ना, असं विचारलं. अगदी बेतानं, म्हणालो. हे तर खरंच होतं.

दुपारी हम्मूकडे.

८ ऑक्टोबर, मंगळवार.

सकाळी मंडईतल्या निळ्या दाराआड बिसारा प्यायलो. बाकल्याच्या दाण्यांचं गरम दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं. पहाटे समुद्रावरून आलेले मच्छीमार असतात तिथं, आपापल्या वाडग्यात बघत बसतात, कुणी कुणाला काही विचारत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीकडे तोंड करून खाल्लं की ते औषधासारखं होतं.

सकाळचं सूप हे बाहेरचं जेवण धरायचं नाही असं ठरवलं आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

नमाजानंतर कब्रस्तानात गेलो. हाताला भाजलेल्या मिरचीचा वास येत होता. खिशात हात घालून उभा राहिलो. दुआ मागताना काढावे लागले.

परत आलो तर शेजारच्या लल्ला इज्जानं रव्याच्या वाफवलेल्या कण्यांचा कुसकुस पाठवला होता, तिच्या निळ्या नक्षीच्या मोठ्या वाडग्यात. खदूजची जिवाची मैत्रीण. भिंतीला भिंत लागून घर. आमच्या दोघांत चाळीस वर्षांत सलाम-अलेकुमच्या पलीकडे बोलणं झालं नसेल. कुसकुस संपवला.

आता स्वयंपाकघरात दुसऱ्यांची भांडी साठली आहेत. तीन दिवसांतली ताटं, झाकणं, वाडगे, आणि त्यात हा. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. भरून द्यायचं तर शिजवायला हवं. शिजवायला मीठ हवं.

१३ ऑक्टोबर, रविवार.

आज एक वाईट गोष्ट घडली.

हमामच्या कोपऱ्यावर सी बेलऐद संध्याकाळी हरीरा विकतो. टोमॅटो, मसूर, छोले, कोथिंबीर यांचं सूप. मी आजवर तिथं कधी गेलो नव्हतो, कारण घरी मिळायचा. आज थंडी होती म्हणून एक वाडगा घेतला.

तो खदूजच्या हरीऱ्यापेक्षा चांगला होता.

थोडाफार नाही, बराच चांगला. म्हणजे वळण तेच, कोथिंबीर तशीच, शेवटी लिंबू पिळायची पद्धतही तीच, पण जणू कुणी दिवा लावला होता. आणि मग लक्षात आलं की हम्मूच्या तारल्याही खदूजच्या तारल्यांपेक्षा चांगल्या आहेत. बिसारासुद्धा. मी रोज तिच्यापुढं जेवून "उत्तम झालंय" म्हणत होतो. मनापासून म्हणत होतो असं मला वाटत होतं. आता वाटतं, मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

ती जाऊन पंधरवडा नाही झाला आणि मी तिच्या हाताला नावं ठेवतोय. सी बेलऐदकडे पुन्हा जाणार नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार.

सी बेलऐदकडे गेलो, पण वेगळ्या कारणासाठी. लल्ला इज्जाचा वाडगा घरून कापडाखाली नेला, त्यात हरीरा भरून घेतला, मागच्या गल्लीतून घरी आणला. वरून घरची कोथिंबीर टाकली. अंगणातली असल्यामुळं आता तो अर्धा घरचा झाला. मग लल्ला इज्जाच्या दारात नेऊन दिला. तिनं विचारलं, तुम्ही केलात? मी मान अशी हलवली की तिचा अर्थ कसाही घेता यावा.

आपल्याला हे जमतं, असा विश्वास वाटू लागला आहे. याच पद्धतीनं सगळी भांडी परत करता येतील.

१६ ऑक्टोबर, बुधवार.

लल्ला इज्जा दारात भेटली. हरीरा आवडला म्हणाली. मसूर जरा जास्त शिजली होती, परवा तिचीही तशीच झाली होती म्हणे. काय योगायोग. मी म्हणालो, हल्लीची मसूरच तशी येते. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि ओढणी तोंडावर धरून आत गेली. खदूजची आठवण झाली असावी.

वाडगा पुन्हा भरून आला. बीट आणि बटाट्याचं सॅलड. म्हणजे तो पुन्हा भरून द्यावा लागणार. याला शेवट कुठं आहे कळत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

नझहाचा फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं : बा, गॅसचा सिलिंडर बदलला का? रोज शिजवताय तर एव्हाना संपला असेल.

पोरगी आईवर गेली आहे. मी म्हणालो, संपतच आला आहे.

फोन ठेवून सिलिंडर उचलून बघितला. जड. खदूजनं मरायच्या आदल्याच आठवड्यात नवा लावला होता. नझहा आली की पहिल्यांदा हा हलवून बघणार.

२० ऑक्टोबर, रविवार.

उपाय सापडला, अगदी सोपा. सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि मोठ्या आचेवर उकळत बसलो. आटलं की पुन्हा भरलं. खुर्ची घेऊन समोरच बसलो, कारण गॅस चालू ठेवून बाहेर जाऊ नये असं खदूज सांगायची.

खिडक्यांवर वाफ धरली. लल्ला इज्जा भिंतीवरून डोकावली. काय करताय विचारलं. पाणी उकळतोय म्हणालो. खोटं बोललो नाही याचं समाधान वाटलं.

जेवायला हम्मूकडे. दिवसभर चुलीपाशी बसल्यामुळं भूक सडकून लागली होती.

२३ ऑक्टोबर, बुधवार.

पाणी. काल पण पाणी. आज लल्ला इज्जानं पुन्हा विचारलं, पाण्यात काही घालणार आहात का? मी म्हणालो, नाही, नुसतंच. तिनं दुआ पुटपुटली.

पातेल्याचं बूड काळं पडलं. आज डोळा लागला आणि पाणी आटून गेलं. पातेलं पलंगाखाली ठेवलं आहे. सिलिंडर अजून जड आहे. खदूज नुसत्या दोघांच्या स्वयंपाकात एवढा गॅस महिन्यात कसा संपवायची, याचं नवल वाटतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार.

हम्मूकडे रोज जाणं बरं दिसत नाही. लोक मोजत असतील. म्हणून आज वर परदेशी लोकांसाठी आहे त्या गच्चीवरच्या हॉटेलात गेलो. तिथं गावातलं कुणी येत नाही. लाटांवर खेळायला आलेली गोरी पोरं असतात, अनवाणी, मिठानं केस ताठ झालेली. त्यांच्या फळ्या भिंतीला उभ्या केलेल्या असतात, त्यांच्याआड बसलो. मेन्यू फ्रेंचमध्ये. मी सगळा वाचला, कारण वाचता येतं. लिंबू-ऑलिव्ह घालून मातीच्या भांड्यात शिजवलेलं कोंबडीचं ताजिन मागवलं.

ताजिन आलं, त्याच वेळी जिन्यातून हम्मू वर आला, हातात माशांची टोपली. हॉटेलवाल्याला मासे तोच देतो, हे मला सुचायला हवं होतं. तो फळ्यांपाशी थांबला.

"सी महजूब, माझ्याकडे काय कमी पडलं?"

मी म्हणालो, काही नाही, इथं नुसता समुद्र बघायला आलो. तो म्हणाला, समुद्र माझ्याकडून जवळ पडतो.

संध्याकाळी त्याची समजूत काढायला त्याच्याकडे जाऊन पुन्हा जेवलो. मैत्री टिकवायची तर असं करावं लागतं. दोनदा जेवल्याची टोचणी मात्र रात्रभर राहिली. तारल्या होत्याच तशा.

१ नोव्हेंबर, शुक्रवार.

कब्रस्तानात गेलो. आज खदूजला खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. की तुझ्या हातापेक्षा मला हम्मूचा हात आवडू लागलाय, आणि मी नझहाशी रोज खोटं बोलतो. बराच वेळ उभा राहिलो. मग हवेबद्दल बोललो. होड्या दोन दिवस आत गेल्या नाहीत, हेही सांगितलं.

घरी जाऊन मिठाचा पुन्हा शोध घेतला. कपाटात, गादीखाली, तिच्या शिवणाच्या डब्यात. नाहीच. तिच्या ओढणीच्या घडीत तोंड घालून थोडा वेळ बसलो. हे शोधण्यात धरायला हरकत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार.

उद्या नझहा येते. तयारी चांगली झाली आहे. सिलिंडर थोडा हलका वाटतो, म्हणजे मला तरी वाटतो. एक सोडून सगळी भांडी परत गेली. तो एक म्हणजे लल्ला इज्जाचा वाडगा, तो आज चौथ्यांदा सी बेलऐदच्या हरीऱ्यानं भरून दिला, पण तो दर वेळी पुन्हा भरून येतो. ओट्यावर कांदे कापून ठेवले आहेत, म्हणजे वास राहील. चमचे ओले करून वाळत घातले.

नझहाला शंका यायचं कारण नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार.

नझहा आली. सिलिंडर हलवला नाही. स्वयंपाकघरात गेलीच नाही. माझ्याकडेच बघत राहिली. बा, झोप लागते का, विचारलं. कुणाचे आवाज ऐकू येतात का, विचारलं. मी म्हणालो, होड्यांचे येतात. तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. फार प्रेमळ मुलगी आहे. एकंदरीत माझ्या बाजूनं निकाल लागणार असं दिसतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. सगळे गेल्यावर.

शुक्रवार म्हणून चाळिसावा दिवस दोन दिवस आधी आजच घातला. मशिदीतून पाच जण आले, कुराण वाचलं. कुसकुस शेजारच्या बायकांनी केला, लल्ला इज्जा सगळ्यांच्या पुढं. लोक जेवून गेले. मग नझहा, लल्ला इज्जा आणि मी, असे तिघेच राहिलो. चहा होता.

नझहा म्हणाली, सामान बांधू या. मी विचारलं का. ती म्हणाली, तिकडे एक डॉक्टर आहेत, डोक्याचे, फार चांगले आहेत, नुसतं बोलायचं. मला समजेना. मी स्वतःचं करून खात होतो, डोक्याचा काय संबंध?

तिचे डोळे भरले. म्हणाली, "बा, लल्ला इज्जानं मला सांगितलं. तुम्ही दिवस दिवस नुसतं पाणी उकळत त्याच्याकडे बघत बसता."

यावर दोनच रस्ते होते. वेडा म्हणून कासाब्लांकाला जायचं, नाही तर खोटारडा म्हणून इथं राहायचं. माझा निर्णय फार वेळ लांबला नाही. म्हणालो, गॅस संपावा म्हणून उकळत होतो. तुला वाटावं मी शिजवतो म्हणून.

 मग लल्ला इज्जा हसायला लागली. भिंतीचा आधार घ्यावा लागला तिला. या घरात महिन्याभरात कुणी हसलं नव्हतं. मला आधी वाईट वाटलं, मग तितकं वाटलं नाही.

नझहा म्हणाली की मी बाहेर जेवतो हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हम्मू रोज फोन करायचा, आज किती तारल्या, किती पाव. बा जेवतायत हे ऐकूनच तिला रात्री झोप लागायची. पण मी फोनवर कधीच कबूल करीना, आणि मग हे पाणी सुरू झालं, तेव्हा तिनं डॉक्टर शोधायला सुरुवात केली.

मी महिनाभर चोरून जेवलो ते सगळ्या गावाच्या देखत. मग म्हटलं, आता एवढं निघालंच आहे तर बाकीचंही निघू दे. लल्ला इज्जाला म्हणालो, तुमच्या वाडग्यातला हरीरा मी केलेला नव्हता. सी बेलऐदचा होता.

ती म्हणाली, "ठाऊक आहे, सी महजूब. त्याचं पातेलं माझ्या चुलीवरून जातं. माझंच सूप मला चारदा पाजलंत."

बायका दुकानासाठी शिजवतात ते मागच्या दारानं जातं, कापड झाकून. गावातल्या बायकांना माहीत असतं. पुरुष विचारत नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

मग ती हळू म्हणाली, माझं तरी कुठलं, खदूजचं. पातेलं दोघी मिळून करायच्या, मी कॅफेत बसलेला असताना, कितीतरी वर्षं. मसाल्याचा हात खदूजचा. आता लल्ला इज्जा एकटीच करते, पण खदूजनं शिकवल्याप्रमाणे.

मी म्हणालो, शक्य नाही. खदूजचा हरीरा मी जन्मभर खाल्ला. तो असा नव्हता. हे वाक्य तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, महिनाभर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून झालं होतं.

लल्ला इज्जा म्हणाली, "घरच्यात मीठ नसायचं ना."

वीस वर्षांपूर्वी डॉक्टरनं माझं ब्लडप्रेशर बघून मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी खदूजला निरोप दिला होता आणि माझ्यापुरता विषय संपला होता. तिनं कमी नाही, बंदच केलं. मिठाचा डबासुद्धा लल्ला इज्जाकडे नेऊन ठेवला, मोह नको म्हणून. स्वतःही तसंच जेवायची. मैत्रिणीला म्हणायची, बिचारा रोज उत्तम झालंय म्हणतो, त्याला कळलेलंसुद्धा नाही.

मी उठून खिडकीपाशी गेलो. टेकडी दिसत होती.  मागं नझहा एकदम ओरडली. मिठाचा अर्थ तिच्या आता ध्यानात आला होता. म्हणाली, म्हणजे महिनाभर बा हे मिठाचे मासे खातायत? लल्ला इज्जा तिला म्हणाली, तू नीट जा घरी, यांच्या मिठाचं आता मी बघते.

९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ.

नझहा सकाळच्या बसनं गेली. एकटीच. मी राहिलो. म्हणजे मी जिंकलो असं धरायला हवं.

संकल्प : आता लपायचं कारण नाही. ताठ मानेनं, रस्त्याकडे तोंड करून, हवं तिथं हवं ते खायचं.

सकाळी निळ्या दाराआड गेलो, भिंतीला पाठ करून बसलो. माझा बिसारा वेगळ्या छोट्या भांड्यातून आला. जिरं होतं, तेल होतं. मच्छीमार आपापल्या वाडग्यात बघत होते, पण आज जरा जास्तच बघत होते.

संध्याकाळच्या हरीऱ्याचं विचारायला सी बेलऐदकडे डोकावलो. मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान पातेलं होतं, त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली. ते तुमचं, म्हणाला.

गच्चीवर जाऊन बघणार होतो. जिन्याशीच हॉटेलवाल्यानं सांगितलं, लल्ला इज्जा येऊन गेली.

दुपारी बंदरावर हम्मूकडे बसलो. समोर समुद्र. त्यानं ऑलिव्ह ठेवले नाहीत. पाव वेगळ्या फडक्यात बांधून आला होता, लल्ला इज्जाच्या घरून. तारल्या निखाऱ्यावरून थेट माझ्यापुढं ठेवल्या आणि हात पुसत उभा राहिला.

पहिला घास घेतला. घरी जेवल्यासारखं झालं. अगदी तसंच. तोच कोरडा, दिवा न लावलेला मासा.

हम्मूनं विचारलं, कसं झालंय. उत्तम, म्हणालो. दुसरी प्लेट मागवली.